‘मले माहीत नाही’ म्हणणाऱ्या नसीम मॅडम

कॉलनीतलं प्लॅस्टिक जाळायच्या कार्यक्रमाचं उद्घाटन मी ज्या बाईंच्या हातून ठेवलं, त्या बाईंनी डायॉक्सिनवर पीएचडी केलेली होती. डायॉक्सिन म्हणजे असलं प्लॅस्टिक जाळल्यावर जे विष तयार होतं, ते. हे मला उद्घाटनानंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असतं. कार्यक्रमच रद्द केला असता, असं मात्र छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

आमची कॉलनी नांदुऱ्यात, पण रुळांच्या पलीकडे. घंटागाडी गावाच्या हद्दीपर्यंत येते आणि हद्द आमच्या कॉलनीच्या अलीकडेच संपते. त्यामुळे कचरा आमचा आम्हाला. मी कॉलनी समितीचा अध्यक्ष. दुसरं कुणी व्हायला तयार नव्हतं, म्हणून एकमतानं झालेला. मोकळ्या प्लॉटवर मी खड्डा खणवला, कडेनं विटा लावल्या, चुना मारला आणि त्याला ‘स्वच्छताकुंड’ असं नाव दिलं. आत कॅरीबॅगा, कपाशीच्या बियाण्याची रिकामी पाकिटं, फुटके पाइप, जुन्या वायरी आणि वाढदिवसांचे उतरवलेले फ्लेक्स. त्यात माझ्या साठीचाही एक फ्लेक्स होता. हात जोडून हसणारा.

नसीम मॅडम तेव्हा कॉलनीत नव्या होत्या. मलकापूरच्या कॉलेजात शिकवत, नावाच्या पाटीवर ‘डॉ.’ होतं. कशाच्या डॉक्टर, हे विचारायची मला गरज वाटली नाही. नारळ फुटला, टाळ्या झाल्या, मी तबकातून काडीपेटी पुढं केली. बाईंनी खड्ड्यात वाकून पाहिलं.

“हे सगळं पेटवाचं हाय?”

“हो मॅडम. आपल्या शुभहस्ते.”

त्यांनी काडीपेटी उचलली, पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली. मग माइकपाशी आल्या आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, “नमस्कार. नारळ छान होता. हे पेटवू नका.” आणि जाऊन खुर्चीवर बसल्या.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोक वाजवतातच. मी माइक घेऊन म्हणालो, “मॅडमनी अत्यंत मोजक्या शब्दांत मार्गदर्शन केलं, त्याबद्दल समिती त्यांची आभारी आहे,” आणि समितीतल्या देशमुखांकडून सिगारेटचा लायटर मागून घेऊन कुंड पेटवलं. काळा धूर उठला, घटकाभर घुटमळला आणि सरळ प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीकडे गेला. फ्लेक्सवरचा मी हातांपासून वितळायला लागलो. चेहरा शेवटपर्यंत हसत होता.

माझ्याबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर मॅडम कळायच्या नाहीत. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. स्टँडवरच्या खिडकीत बसून माइकवर गाड्या पुकारायचा. या नोकरीत एक वाक्य कधीच म्हणता येत नाही: मला माहीत नाही. गाडी कुठं आहे याचा देवाला पत्ता नसला तरी मी सांगायचो, “थोड्याच वेळात फलाटावर लागत आहे.” लोक तेवढ्यावर गाठोड्यावर डोकं टेकून झोपायचे. निवृत्त झालो तरी कॉलनीनं मला ‘कंट्रोलर साहेब’ म्हणणं सोडलं नाही आणि मीही माइक सोडला नाही.

नसीम मॅडमचं नेमकं उलटं. इतकी शिकलेली बाई, पण दहा प्रश्न विचारले तर त्यातल्या निम्म्यांना उत्तर एकच, “मले माहीत नाही.” तेही खाली मान घालून नव्हे, डोळ्याला डोळा भिडवून, आपलं नाव सांगावं इतक्या सहज. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी, गल्लीत पाय ठेवला की वऱ्हाडी, बायांनीही ‘मी करतो’ म्हणायची. विद्यार्थ्याचा फोन आला की गच्चीवर “पेशीविभाजनाची प्रक्रिया लक्षात घ्या” चालायचं, आणि फोन ठेवता ठेवता खाली भाजीवाल्याला हाक, “काऊन बे, कालची मेथी आज आणली का?” नवरा लवकर गेलेला, मुलगी नागपूरला डॉक्टर. घरी त्या आणि त्यांची एक जुनी स्कूटर. तिला किक मारताना दर वेळी “चाल माय, चाल” म्हणत. संध्याकाळी गच्चीवर उभ्या राहून नाक वर करून हवेचा अंदाज घेत. मी एकदा विचारलं, काय वास येतोय? म्हणाल्या, “ज्याचा वास येते त्याले मी भेत नाही, कंट्रोलर साहेब. ज्याचा येत नाही त्याले भेतो.”

उद्घाटनानंतर दुसऱ्याच दिवशी त्या आमच्या घरी आल्या. मला वाटलं भांडायला. पण त्यांनी शोभाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, हातचा चहा घेतला, बशीत ओतून प्यायल्या आणि मला विचारलं, “डेपोत सगळ्याच गाड्यांवर पाटी असते का हो?”

“नाही. आत उभ्या असतात त्यांच्यावर नसते. बाहेर काढताना लावायची.”

“अन् सकाळी सगळ्याच गाड्या एकदम काढून देता?”

“असं कसं? काही राखीव ठेवाव्या लागतात. रस्त्यात एखादी बंद पडली तर?”

“हां. तशा आपल्या अंगात बिनपाटीच्या पेशी असतात. स्टेम सेल म्हणतात त्याले. हाडाच्या मगजात, आतड्यात, चामडीत. रक्त कमी पडलं, एक गाडी काढा, रक्ताची पाटी लावा. चामडी घासली, चामडीची पाटी लावा. बाकीच्या आत उभ्या. कोणती काढाची, कोणती ठेवाची, हे सांगणारं कोणी तरी आत बसेल असते.”

“कंट्रोलर!” मी खुशीत म्हणालो.

“कंट्रोलर. आता त्याच्या खोलीत एक घंटी हाय समजा. बाहेरचं काही आत शिरलं, करपलेलं, धुराचं, का घंटी वाजते. लोक धावतात, त्याले तोडतात-मोडतात, बाहेर काढतात. घंटी बंद. पण डायॉक्सिन तुटत नाही. ते घंटीवर बोट ठेवते अन् काढतच नाही. अंगातल्या चरबीत घर करते, वर्षानुवर्षं बसते. आता तुमीच सांगा, तुमच्या खोलीत कोणी असं घंटी दाबून बसलं तर डेपोचं काय होईन?”

मी माझी खिडकी डोळ्यांपुढं आणली. “नको त्या गाड्या सुटतील,” मी म्हणालो.

“राखीवच्या बी सुटतील. काही सुटाच्या त्या सुटणार नाहीत. शेगावच्या गाडीले अकोल्याची पाटी लागन. गाडी चांगली, ड्रायव्हर चांगला, डिझेल भरेल. पण कारभार बसला.”

“म्हणजे माणसाला नेमकं होतं काय?”

“जनावरात काय झालं, पेशीत काय झालं, ते सांगतो मी तुमाले. रक्त बनवण्याचं बिघडते, चामडीचं बिघडते. पण या गल्लीतल्या कोणत्या माणसाले, कवा अन् किती? मले माहीत नाही.”

मला सगळं कळलं होतं. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढचं जे आहे ते न कळल्यामुळे झालं असं कुणाला वाटू नये. बाईंनी माझाच धंदा घेऊन मला समजावलं होतं. इतकं स्वच्छ तर मला शाळेत काहीच कळलं नव्हतं. पण हार मानायची सवय नाही. मी म्हणालो, “मॅडम, आमच्या पणज्या जन्मभर चुलीपुढं बसल्या. त्या काय जाळत होत्या मग?”

“लाकडं,” मॅडम म्हणाल्या. “पणजीजवळ फ्लेक्स नव्हता.”

स्वयंपाकघरातून शोभाचं हसू ऐकू आलं. त्या हसण्यानं घोटाळा केला. नुसत्या मॅडम असत्या तर मी कदाचित खड्डा बुजवला असता.

खड्डा बुजला नाही. उलट त्यातली राख मी कामाला लावली. आमच्याकडे राख वाया घालवत नाहीत. वांग्यावर मावा पडला की राख फुंकायची, कोंबड्यांना उवा झाल्या की राखेचा ढीग करून द्यायचा. त्या त्यात लोळतात, पंख झाडतात, मध्येच काहीतरी टिपतात. माझ्या आईनं हेच केलं, तिच्या सासूनंही केलं. फरक इतकाच की त्यांची राख बाभळीची होती आणि माझी पाइपांची. मी म्हटलं, राख म्हणजे राख. घमेली भरभरून परसात नेली. माझ्या गावरान कोंबड्या त्या काळ्या ढिगात अशा लोळायच्या की पाहून कुणालाही वाटावं, सुख यालाच म्हणतात.

पुढच्या समितीच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, मॅडम एवढं सांगून राहिल्या तर कुंडाचं काय करायचं? माइक माझ्या हातात होता. मला दोन-चार विनोद सुचले, मी ते केले. मॅडमना कुठंही धूरच दिसतो, म्हणालो. उद्या अगरबत्तीवर बंदी येईल, म्हणालो. लोक हसले. हशा मिळाला की माझी जीभ उताराला लागते. मी म्हणालो, “मॅडमनी आधी मलकापुरातल्या भावाच्या भंगारच्या दुकानातला धूर बंद करावा. तिकडं तर तारा जळतात. मग आम्हाला शिकवावं.” आणि या वाक्यात ‘तिकडं’ हा शब्द मी असा काही उच्चारला, की त्यात दुकानाच्या पत्त्यापेक्षा जास्त काहीतरी आलं. सगळ्यांना ते कळलं. मलाही कळलं. हशा मात्र सगळ्यात मोठा त्यालाच मिळाला.

मॅडम मागच्या रांगेत होत्या. हशा संपेपर्यंत थांबल्या. मग उभ्या राहून म्हणाल्या, “हाव, जळत होत्या. आता नाही जळत. भाऊ माझा आता मशीनवर तार सोलते. काऊन सोलते, ते त्याच्या गालाले विचारा कवा मलकापूरले गेले तर.” आणि पर्स उचलून निघून गेल्या. त्या दिवशी घरी आल्यावर शोभानं मला पाणीसुद्धा विचारलं नाही. एवढंच म्हणाली, “तुमच्या त्या खिडकीले काच होती तेच बरं होतं.”

मी मलकापूरला गेलो ते गाल बघायला नव्हे. जुना कूलर विकायचा होता. पण पाय त्याच दुकानाकडे वळले, आता का ते सांगत नाही. युसूफभाई गल्ल्यावर बसले होते. मॅडमपेक्षा मोठे, धिप्पाड, अंगात झब्बा, बोलणं मऊ. आणि दोन्ही गालांवर, कानांच्या मागपर्यंत, काळ्या ठिपक्यांची आणि बुजलेल्या खड्ड्यांची दाटी. लहानपणी आमच्या गावात अशी तोंडं पाहिलेली. मी माझं नेहमीचं शहाणपण दाखवत म्हणालो, “देवी आल्या होत्या का लहानपणी?”

“नाही साहेब,” युसूफभाई म्हणाले, “तारा आल्या होत्या.”

मग चहा मागवून त्यांनीच सांगितलं. तरुणपणी तांब्यासाठी वायरींचे भारे जाळायचे. वाऱ्याच्या खाली बसून काठीनं ढवळायचे, कारण वाऱ्याच्या वरच्या बाजूला बाप बसलेला. वर्षा-दोन वर्षांत गाल असे झाले. डॉक्टर मुरुमांचं मलम देत. स्थळ घेऊन आलेले लोक चहा पिऊन जात आणि निरोप पाठवत नसत. “नसीम तवा कॉलेजात होती. मले म्हणे, भाई, हे मुरूम नाहीत. म्या म्हटलं, मंग काय हायत? म्हणे, मले माहीत नाही, पण पाहतो मी. पाहता पाहता पीएचडी करून बसली पगली.” ते हसले. “तिनंच सांगलं मले. गालात तेलाच्या बारीक गाठी असतात. त्या नव्या बनवणाऱ्या ज्या पेशी, त्यांले भलतीच पाटी लागली. तेलाच्या जागी चामडीच बनत गेली, भोकं बुजून गेले. मी म्हटलं, आता बऱ्या होतीन का? तर म्हणे...”

“मले माहीत नाही,” मी म्हणालो.

“हाव!” त्यांना फार आनंद झाला. “तुमी नांदुऱ्याचे कंट्रोलर साहेब ना? वळखलं. सांगते ती तुमच्याबद्दल.”

“काय सांगतात?”

“म्हणते, माणूस मनाचा बरा हाय. फक्त माइक देऊ नका.”

कूलर तिथंच टाकून मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर संदेश टाकला: ‘तांत्रिक कारणामुळे स्वच्छताकुंड पुढील सूचनेपर्यंत बंद राहील.’ तांत्रिक कारण! जन्मभर ज्या शब्दांखाली पंक्चर, संप आणि झोपलेले ड्रायव्हर झाकले, त्याच शब्दांखाली मी नसीम मॅडमचं खरेपण झाकलं. त्यांनी संदेशाखाली होकाराचा अंगठा टाकला. एवढंच.

खड्डा बंद झाला, पण राख परसातच राहिली. आणि त्याच सुमारास आमची पल्लवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

माहेरवाशीण, त्यात गरोदर, त्यात घरच्या गावरान कोंबड्या! शोभानं रोजचं अंडं सुरू केलं. ते मी स्वतः सोलायचो. बलक असा गडद केशरी, की मी तो खिडकीच्या उजेडात धरून पल्लवीला दाखवायचो, “बघ, तुमच्या पुण्यात मिळतं का असं?” वांग्याची भाजीही घरचीच.

एका सकाळी फाटकाशी मॅडमनी स्कूटर थांबवली. त्यांची नजर माझ्या खांद्यावरून परसात गेली. कोंबड्या राखेत लोळत होत्या.

“ते राख कुंडातली व्हय?”

“आहे थोडीशी.”

“पल्लवीले अंडे याच कोंबड्यांचे देता का?”

मी म्हणालो, “छे छे. तिला वासच चालत नाही अंड्याचा.”

खोटं इतकं झटकन आलं की मलाच नवल वाटलं. पण त्यात नवल ते काय. ‘गाडी थोड्याच वेळात’ म्हणणारी जीभच ती. मॅडमनी मान हलवली. “बरं हाय. देऊ नका. कोंबडी राख टोचते, त्यातलं विष तिच्या चरबीत जाते, चरबीतून बलकात येते. एका अंड्यानं कोणी मरत नाही. पण तिच्या पोटातल्या बाळाच्या कितीतरी गाड्या अजून बिनपाटीच्या हायत, कंट्रोलर साहेब. पाट्या आता लागून राह्यल्या.” मग “चाल माय” म्हणून किक मारली आणि गेल्या.

मी घरात आलो तेव्हा शोभानं अंडं उकडून ठेवलं होतं. पल्लवी वाट पाहत होती.

इथं थांबून सांगितलं पाहिजे की त्या क्षणी एका वाक्याचं काम होतं. ‘खाऊ नको.’ पण ‘खाऊ नको’ म्हटलं की ‘का’ आलं. ‘का’ आलं की राख आली, राख आली की कुंड आलं, मॅडम आल्या, आणि शोभा स्वयंपाकघरातून हसली असती. मी स्वतःशी म्हणालो, उद्या सांगू. आज एक निभावून नेऊ. आणि सोललं. दुसऱ्या दिवशीही उद्याच सांगायचं ठरलं. मनाला बरं वाटावं म्हणून मी स्वतःही एक खायला लागलो.

“बाबा, तुम्हाला कुठं आवडतात अंडी?” पल्लवी म्हणाली.

“गावरान आहेत बेटा,” मी म्हणालो. बाबा खाताहेत म्हणजे चांगलंच असणार, या भरवशावर ती तेही खायला लागली, जे ती एखाद्या दिवशी कंटाळून टाकणार होती.

असे किती दिवस गेले ते मी मोजले नाहीत. मोजायचे नव्हते म्हणूनच मोजले नाहीत.

ईदच्या सकाळी मॅडम शीरखुर्म्याचा डबा घेऊन आल्या. पल्लवी दारापुढच्या ओट्यावर बसली होती, हातात अर्धं अंडं. मी शेजारी, पुढचं सोलत.

“ईद मुबारक मॅडम!” पल्लवी म्हणाली. “या ना. बघा, आमचे बाबा रोज स्वतः सोलून देतात मला.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. खिडकीवर प्रवासी खूप चिडून यायचे, आईबहिणीवरून शिव्या द्यायचे; तसल्या नजरा मी जन्मभर पचवल्या आहेत. ही नजर चिडकी नव्हती. गाडी सुटून गेली आहे हे ज्याला कळलंय आणि तरीही जो ओरडत नाही, अशा माणसाची ती नजर होती.

त्या पल्लवीशेजारी बसल्या, तिच्या हातातलं अंडं काढून घेतलं आणि म्हणाल्या, “पोरी, हे नको खाऊ आता. त्या कोंबड्या प्लॅस्टिकच्या राखेत लोळतात. माझीच चूक झाली. मी कंट्रोलर साहेबाले आधीच सांगाले पाहिजे होतं. राहूनच गेलं.”

“अरे देवा!” पल्लवी घाबरली. “मग बाबांना तरी कसं कळणार?”

“कसं कळणार,” मॅडम म्हणाल्या, आणि डबा उघडून वाटी मागितली.

त्यांनी माझं खोटं उचलून स्वतःच्या पदरात घेतलं आणि मी ते घेऊ दिलं. वर शीरखुर्मा खाल्ला. चांगला झाला होता.

त्यानंतर सगळं रीतसर झालं. कोंबड्यांची जागा बदलली. त्यांची अंडी कुणालाच द्यायची नाहीत असं ठरलं. वांगी उपटली. राखेचं काय करायचं यावर मी म्हणालो, नाल्यात टाकू, तर मॅडम म्हणाल्या, “नाल्यातून कुठं जाईन ते? तुमाले फक्त दुसऱ्याच्या फलाटावर लावाची सवय.” शेवटी त्यांनीच सांगितल्याप्रमाणे तोंड बांधून, पाणी शिंपडून, ती जाड ताडपत्रीत गुंडाळून खड्ड्यातच खोल बंद केली. त्या दिवशी त्या काठावर उभ्या राहून मुकादमी करत होत्या. नारळ नव्हता, माइक नव्हता. माझ्या आयुष्यातला तो एकमेव शांत कार्यक्रम.

पल्लवीला मुलगी झाली. गोरीगोमटी, टाहो फोडणारी. सगळे बाळाचं नाक कुणासारखं ते पाहत होते. मी तिचे गाल पाहत होतो, कानांच्या मागे पाहत होतो. मॅडम टोपडं घेऊन आल्या तेव्हा त्यांना दारातच गाठून विचारलं, “हिला काही होणार तर नाही ना?”

“मले माहीत नाही.”

“मॅडम, एवढ्या शिकलात तुम्ही. अंदाजानं तरी सांगा.”

“चांगली दिसते पोरगी. चांगलीच राहीन, असं वाटते. वाटते म्हटलं मी, माहीत हाय नाही म्हटलं. थोडं गेलं असन, किती गेलं ते कोणी मोजलं नाही. उद्या तिले सर्दी झाली तरी तुमी म्हणसान अंड्यानं झाली, अन् ते खोटं असन. काहीच नाही झालं तर म्हणसान काही नव्हतंच, ते बी खोटं असन.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “अन् पल्लवीले दूध पाजू द्या, बिलकुल थांबवू नका. आईच्या दुधाच्या वर काही नाही.”

हे उत्तर मला त्या वेळी फार निर्दय वाटलं होतं. आता वाटतं, आयुष्यात मला कुणी इतक्या सन्मानानं वागवलं नाही. ‘थोड्याच वेळात लागत आहे’ म्हणून त्यांनी मला झोपवलं नाही. नातीला ताप आला की मी आजही जागच्या जागी उभा राहतो. अशा वेळी शोभा म्हणते, “डॉक्टरले दाखवलं, झालं ना?” तिला काय सांगणार?

मॅडम निवृत्त झाल्या आणि मुलीकडे नागपूरला जायला निघाल्या. मी निरोपसमारंभ ठेवला, त्याच मोकळ्या प्लॉटवर. मनाशी पक्कं केलं होतं की त्याच माइकवर, त्याच लोकांसमोर माफी मागायची. ‘तिकडं’ या शब्दाची मागायची आणि अंड्यांचीही मागायची. सगळे आले होते. युसूफभाई मलकापूरहून आले. पल्लवी नातीला घेऊन पहिल्या रांगेत बसली होती.

मी उभा राहिलो. सुरुवात उद्घाटनापासून केली. काडीपेटी पर्समध्ये गेली तिथं लोक हसले. वितळणाऱ्या फ्लेक्सवर खो-खो हसले. मी थांबायला हवं होतं. पण हशाचा उतार आला की माझे ब्रेक लागत नाहीत. ‘तांत्रिक कारण’ सांगितलं, टाळ्या. युसूफभाईंचं ‘तारा आल्या होत्या’ सांगितलं, तर तेही हसले. आणि शेवटी घसा खाकरून, खरोखर डोळ्यांत पाणी आणून मी म्हणालो, “मॅडम, माझ्याकडून फार मोठी चूक झाली. मी तुमची जाहीर माफी मागतो.” तर हा सगळ्यात मोठा विनोद समजून सगळी कॉलनी टाळ्या पिटायला लागली. देशमुखांनी शिट्टी मारली.

मॅडम खुर्चीतून उठल्या. मला वाटलं भाषणाला. त्या माझ्या अगदी जवळ आल्या आणि फक्त मला ऐकू जावं इतक्या हळू आवाजात बोलल्या. माइक माझ्या हातात होता आणि चालू होता. जन्मभर माइकवर बसलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं. टाळ्या थांबत आल्या होत्या. कर्णे प्लॉटच्या दोन्ही टोकांना होते, आणि पहिल्या रांगेत पल्लवी मुलीचे हात हातात धरून टाळ्या वाजवायला शिकवत होती.

“माफी माझी काऊन मागून राह्यले हो, कंट्रोलर साहेब? अंडे मी खाल्ले होते का?”